वर्गाबाहेर उभे केलेले शब्द

आमच्या शाळेत इंग्रजीचे एक सर होते. ते पोरांना कधी वर्गाबाहेर काढायचे नाहीत, शब्दांना काढायचे. मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवत असायचो आणि मधल्या पत्र्याच्या भिंतीतून त्यांचा आवाज यायचा, ‘‘ह्या शब्दाला जरा बाहेर उभं करा.’’ मग फळा पुसल्याचा आवाज. मग पोरांचं खिदळणं. माझ्या वर्गातली पोरंही तिकडंच कान लावून बसायची आणि माझा ऑक्सिजन आपला परीक्षानळीत तसाच पडून राहायचा. मला राग यायचा. मला तसा राग लवकरच येतो. विज्ञान आणि राग, हे दोन विषय मी उभी नोकरी शिकवले आणि दुसऱ्यात माझा निकाल जास्त चांगला लागला.

केज-धारूर रस्त्यावरच्या एका गावात आमची शाळा होती. सर मूळचे धारूरचे. अंगानं काटकुळे, पांढरा सदरा, आणि हातात बारा महिने छत्री. आमच्या भागात छत्रीवाला माणूस म्हणजे लोकांना फुकटची करमणूक. ‘‘सर, पाऊस घेऊन आलाव का?’’ असं हॉटेलासमोर बसलेली माणसं विचारायची. सर गंभीरपणे सांगायचे, ‘‘उन्हाची आहे.’’ त्यांच्याकडं सायकल होती, पण ती हातात धरून ते पायीच चालायचे. वाटेत कुणी बोलायला भेटलं की उतरावं लागतं, त्यापेक्षा बसायलाच नको, असं त्यांचं म्हणणं. सीताफळं खाल्ली की बिया सदऱ्याच्या खिशात जायच्या आणि घाट चढताना त्या डोंगराच्या उतारावर फेकल्या जायच्या. त्यांचा खिसा दिवाळीपर्यंत चिकट असायचा. आणि अहो-जाहो सगळ्यांना. पाचवीतल्या पोरीला तुम्ही, शिपायाला तुम्ही. वाटेत आडव्या आलेल्या शेळीला ‘‘जरा बाजूला व्हा’’ म्हणताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय.

हे शब्दांचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला ठाऊक आहे. नववीत शमीम नावाची एक मुलगी होती. तिचे अब्बा केजच्या स्टँडवर फळांचा गाडा लावायचे. पुस्तकात पुराचा एक धडा होता आणि त्यात एक वाक्य होतं, ‘द व्हिलेजर्स रोज टु अ मॅन.’ सरांनी अर्थ सांगितला, गावातले झाडून सगळे उठले. शमीम उभी राहिली.

‘‘सर, त्यात आमी हाव का न्हाई?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मॅन म्हंजी गडी ना. मग बाया उठल्या का घरीच बसल्या? आणि आमी त्यात न्हाईच, तं हे पाठ कावून करायचं?’’

वर्ग हसला. सरांच्या जागी मी असतो तर ‘खाली बस, लई शहाणी’ म्हणून मोकळा झालो असतो. सर हसले नाहीत. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत येऊन मला म्हणाले, ‘‘सर, इतकी वर्षं हा धडा शिकवतोय. दरवर्षी अर्धं गाव पुरात सोडून येतो, आणि मला पत्ताच नाही.’’ त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही. मला वाटलं, उन्हाळी लागली असेल.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘टु अ मॅन’ खोडलेलं होतं आणि त्याच्या जागी ‘टु द लास्ट वन’ आलं होतं. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. इंग्रजीत असे ठेवणीतले प्रयोग पुष्कळ आहेत, आणि निम्म्यात कुठंतरी एक पुरुष बसलेला असतो. सर त्याला हाताला धरून उठवायचे. ‘राइट-हँड मॅन’ला त्यांनी नुसतं ‘राइट हँड’ केलं. हात हातच असतो, त्याला मिशा कशाला, असं म्हणायचे. ‘मॅनपॉवर’चं ‘हँड्स’ झालं. नुसत्या शब्दावरच्या कराराला, म्हणजे ‘जेंटलमन्स अग्रीमेंट’ला आधी त्यांनी ‘हँडशेक अग्रीमेंट’ केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आपल्याकडं बाया कुणाच्या हातात हात देत नाहीत. म्हणून ते ‘वर्ड-ओन्ली अग्रीमेंट’ झालं. ‘टॉम, डिक अँड हॅरी’ हे तिघं बाहेर गेले आणि त्यांच्या जागी ‘एनीबडी ॲट केज स्टँड’ आत आलं. हे मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू. केजच्या स्टँडवर खरंच कुणीही भेटतं.

‘ओल्ड वाइव्ज टेल’वर मात्र ते चिडले. एवढं चिडलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. ‘‘भाकडकथेला म्हाताऱ्या बायकांचं नाव?’’ ते म्हणाले. ‘‘सर, मला एक म्हातारी दाखवा, जिला भाकड बोलत बसायला सवड आहे. पाणी, सरपण, शेण, नातवंडं. आणि हॉटेलात जाऊन बघा, सकाळपासून कोण बसलंय ते.’’ त्यांनी त्याचं ‘टी-शॉप टेल’ केलं. गावात ही बातमी हॉटेलातच पोचली आणि तिथली मंडळी महिनाभर सरांशी नीट बोलत नव्हती.

‘मॅन ऑफ द हाऊस’साठी त्यांनी बराच विचार केला. घरातला कर्ता म्हणजे कोण? शेवटी त्यांनी पोरांनाच विचारलं, तुमच्या घरी कोठीची किल्ली कुणाच्या कमरेला असते? जवळजवळ सगळी पोरं म्हणाली, आईच्या. काही म्हणाली, आजीच्या. मग फळ्यावर आलं, ‘द कीपर ऑफ द की’.

एकदा तपासणीसाहेब आले. त्यांनी नेमकं एका पोरीला उभं करून ‘मॅन ऑफ द हाऊस’चा अर्थ विचारला. पोरगी म्हणाली, ‘‘माझी आई.’’ साहेबांनी चष्मा काढला. हेडमास्तरांचा चेहरा असा झाला की मी त्यांना पाणी आणायला शिपाई पाठवला. सरांनी साहेबांना अर्धा तास समजावलं. साहेब जाताना म्हणाले, ‘‘आणि बोर्डाच्या पेपरात काय लिहिणार ही?’’ सर म्हणाले, ‘‘पेपरात पुस्तकातलं लिहायचं आणि बाहेर माझं बोलायचं, असं ठरलेलं आहे.’’ ते खरंच तसं ठरलेलं होतं. सरांचं एकही पोर त्यापायी नापास झालं नाही, हेही सांगून ठेवतो.

मी त्यांना फार छळलं. ‘‘सगळ्या इंग्रजीतली गडीमाणसं हाकलली, आता मराठीकडं वळा,’’ असं म्हणायचो. पण त्यांना खरं जागेवर आणलं ते वहिनींनी. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो होतो. सर ‘हाउसवाइफ’ला बाहेर उभं करत होते आणि वहिनी चहाचे कप घेऊन आत आल्या. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘शब्द बाहेर गेला हो तुमचा. बाई अजून चुलीपुढंच हाय.’’ पुढच्या रविवारी गेलो तर चहा सरांनी केला होता. अतिशय वाईट होता. नंतर कितीतरी वर्षं दर रविवारी मी तो प्यालो. तो सुधारला नाही आणि सरांनी तो करायचं सोडलंही नाही.

गावात एक सहकारी दूध संस्था होती. आमच्याकडं संस्थेच्या प्रमुखाला चेअरमनच म्हणतात, मग त्याला दुसरं नाव उरत नाही. हे चेअरमन मोठे जमीनदार, मिशीवाले, पण मनाचे वाईट नव्हते. सर त्यांना एकदा भर सभेत ‘चेअर’ म्हणाले.

‘‘सर, मी चांगला धडधाकट माणूस हाय,’’ चेअरमन म्हणाले. ‘‘मला खुर्ची कावून म्हणायलाव?’’

‘‘साहेब, खुर्ची राहते. बसणारा बदलतो,’’ सर म्हणाले, अगदी शांतपणे.

सभा हसली. चेअरमनही हसले, पण हे त्यांच्या मनात राहिलं असावं. संस्थेची निवडणूक जवळ आली होती.

या संस्थेत एक रीत होती, आणि ती कुणाला रीत वाटतच नव्हती, इतकी अंगवळणी पडलेली. म्हशीला पाणी दाखवणार बाई, धार काढणार बाई, किटली डोक्यावर घेऊन दूध घालायला येणार बाई. आणि सभासद म्हणून नाव मात्र घरच्या गड्याचं. मी स्वतः कितीतरी वेळा संस्थेत दूध आणायला गेलो असेन, मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

मग तो दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, ज्वारीला कणीस धरलं नाही, टँकरच्या मागं घागरी घेऊन माणसं पळायला लागली. गडीमाणसं कामाच्या शोधात टोळ्या करून पुण्याच्या बाजूला गेली. मागं राहिल्या बाया, म्हातारी माणसं, थोडेबहुत गडी आणि गुरं. दूध संस्थेनं माळावर गुरांची छावणी उघडली. लांबच्या साखर कारखान्यांवरून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ट्रकनं यायचं, सकाळी वाटलं जायचं. देखरेखीला शाळेनं दोन मास्तर द्यावेत, असं तहसीलमधून आलं. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना धाडलं. एक रागीट आणि एक विक्षिप्त, शाळेचं काही अडणार नव्हतं.

पहिल्या आठवड्यात चाऱ्याची चोरी फार झाली. नाव पुकारलं की दुसराच कुणी ‘हाजर’ म्हणायचा आणि पेंढी उचलून चालू लागायचा. संस्थेच्या सेक्रेटरीनं मग नियम काढला. चारा नेणाऱ्यानं सभासदाचं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. जो तीन दिवस सांगणार नाही, त्याचं जनावर छावणीबाहेर. नियम चोरांसाठी होता. चोरांनी काय केलं, दहा जणांची नावं पाठ केली आणि ठणठणीत आवाजात सांगितली. अडकल्या त्या बाया. सभासद म्हणजे नवरा, आणि नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं. त्यातून समोर सासरे, चुलत सासरे, थोरले दीर बसलेले.

‘‘कुणाचा चारा?’’ सेक्रेटरी विचारायचा.

‘‘आमच्या मालकाचा.’’

‘‘मालक कोण?’’

‘‘आता काय सांगावं. शांतीचा बाप.’’

‘‘शांतीचा बाप कोण, ते विचारायलोय मी.’’

असं रोज चालायचं. ज्यांना लेकरं होती त्या लेकरांना पुढं करायच्या आणि लेकरू बापाचं नाव सांगायचं. एका बाईला लेकरू नव्हतं. तिला सगळे चंद्रीवाली म्हणायचे, कारण तिची म्हैस चंद्री आख्ख्या दावणीत उठून दिसायची. तिचा नवरा दुष्काळाच्या आधीच, कुणाला न सांगता, कुठंतरी निघून गेला होता. घरात ती आणि म्हातारा सासरा. सासरा छावणीत बाभळीखाली घोंगडी टाकून बसलेला असायचा. त्यानं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण लेक पळून गेला त्या दिवशी म्हाताऱ्यानं शपथ घेतली होती, ह्या तोंडानं आता त्याचं नाव घेणार न्हाई. म्हणजे बघा, सून मानापोटी नाव घेईना आणि बाप रागापोटी. पुकारा झाला की दोघंही खाली बघायची.

केजला तिचा दीर राहायचा. तो मधून मधून यायचा आणि चंद्रीच्या पाठीवर हात फिरवून जायचा. बाजारात गुरांचा एक व्यापारी त्यानं बघून ठेवला होता. म्हैस छावणीतून बाहेर पडली की घरी घालायला काडी नव्हती. मग ती विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्या दिवसांत विकलेली जनावरं कुठं जायची, ते सगळ्यांना माहीत होतं. चंद्री गाभण होती. त्या बाईजवळ दुसरं काहीच नव्हतं.

पहिल्या दिवशी ती उभी राहिली आणि बोलली नाही. चारा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी ताडकन म्हणालो, ‘‘बाई, एकदा नाव घेऊन टाका. काही आभाळ कोसळत नाही.’’ तिनं पदर आणखी पुढं ओढला आणि तोंड फिरवलं. इतर बायांनी माझ्याकडं असं बघितलं की मला आपला विज्ञानाचा वर्ग बरा वाटला.

शाळेकडं परतताना सर सायकल धरून चालले होते. मला म्हणाले, ‘‘सर, तुम्ही तिला वर्गाबाहेर उभं केलंत.’’

‘‘मग काय करायचं? नियम आहे.’’

‘‘वाक्यात माणूस मावत नसेल तर आपण वाक्य बदलतो की नाही?’’

‘‘ही छावणी आहे सर, नववीचा वर्ग नाही.’’

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते एकटेच माळावर गेले आणि दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जनावरांची नावं विचारत सुटले. नवऱ्याचं नाव विचारल्यावर गप्प होणाऱ्या बाया जनावराचं नाव विचारल्यावर थांबेनात. ही कपिली, हिला मुका मार लागलेला. ही मैना, हिची आईबी आमच्याकडंच होती. हा हरण्या, ह्याला गूळ लागतो. चंद्रीवालीनं सांगितलं, चंद्री तिच्या माहेरची. लहान पारडी असताना बापानं तिच्यासोबत लावून दिलेली. संस्थेत दूध घालायला लागली तेव्हा मात्र नाव नवऱ्याचं लागलं. एका गड्यानं आपल्या बैलाचं नाव मुद्दाम चेअरमन सांगितलं. सर म्हणाले, ‘‘हे नाव आधीच घेतलेलं आहे, दुसरं सांगा.’’

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी ट्रक आणायला गेला होता. पुकारा सरांकडं होता. सरांनी छत्री काखेत मारली, कागद डोळ्यांजवळ धरला आणि सभासदांच्या नावाऐवजी जनावरांची नावं पुकारायला सुरुवात केली. मी कपाळाला हात लावला. दहा-बारा नावं झाली आणि सर म्हणाले, ‘‘चंद्री.’’

पदराआडून आवाज आला, ‘‘हाय.’’

असा खणखणीत आवाज त्या बाईजवळ असेल असं मला वाटलं नव्हतं. माळभर हसू पिकलं, तीही हसली, आणि वाढ्याची पेंढी उचलून निघाली. चंद्रीनं दावणीतून मान वर करून तिच्याकडं बघितलं.

ह्या बघण्यानंच पुढं सगळं निभावलं. चेअरमन दुपारी तणतणत आले. म्हणाले, ‘‘सहकारी संस्था हाय का जत्रा? म्हशीच्या नावानं पुकारा कुठं करतेत का?’’ सर म्हणाले, ‘‘उद्या सकाळी या साहेब, मग बंद करा.’’ दुसऱ्या दिवशी चेअरमन आले. सरांनी ‘मैना’ म्हटलं. एक गडी पुढं झाला, ‘हाय’ म्हणाला आणि त्यानं पेंढी उचलली. मैनेनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती टक लावून रांगेतल्या एका म्हातारीकडं बघत होती. गडी पेंढी टाकून पसार झाला. चेअरमननी मिशीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, ‘‘चालू द्या तुमचं.’’ माणसाचं नाव पाठ करता येतं, जनावराला कोण शिकवणार? त्या दिवसापासून चारा चोरीला गेला नाही. हे विज्ञान माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं इंग्रजीच्या मास्तराच्या.

सकाळची ती हजेरी मग छावणीचा सणच झाला. गळा मोकळा करून बोलायची बायांना दिवसातली तेवढीच जागा. सर प्रत्येक नाव वर्गात हजेरी घेतल्यासारखं घ्यायचे, आदरानं. एकदा ‘हरण्या’ म्हटल्यावर हरण्याच हंबरला, तर सर म्हणाले, ‘‘बसा.’’

चंद्री दिवसेंदिवस जड होत चालली होती. विण्याला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा एका सकाळी दीर आला. बरोबर व्यापारी. हजेरी सुरू झालेली होती, चेअरमन खुर्ची टाकून बसले होते. दीर सरळ दावणीकडं गेला, चंद्रीचं दावं सोडलं आणि व्यापाऱ्याच्या हातात दिलं. मग चेअरमनपुढं येऊन म्हणाला, ‘‘साहेब, म्हैस माझ्या भावाच्या नावावर हाय. भाऊ न्हाई, म्हंजी आता माझी. गाभण हाय तवर चार पैसे येतेत. दुष्काळ आणखी लांबला तं हाडं उरतील.’’

चेअरमननी संस्थेची वही मागवली. वहीत भावाचंच नाव होतं. त्यांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हातारा घोंगडीवर खाली मान घालून बसलेला. चंद्रीवाली रांगेत उभी होती. तिच्या हाताची बोटं पदराच्या काठात अडकलेली मला दिसत होती. व्यापारी दावं ओढत होता आणि चंद्री पाय रोवून उभी होती.

चेअरमन म्हणाले, ‘‘कायद्यानं तं त्याचं बरोबर हाय, सर. वहीत नाव हाय.’’

‘‘हजेरी चालू आहे,’’ सर म्हणाले. ‘‘हजेरीत कुणी मधे बोलत नाही.’’ आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं, ‘‘चंद्री.’’

‘‘हाय,’’ ती म्हणाली. आवाज कसाबसा निघाला.

‘‘हाय ते दिसायलंय,’’ चेअरमन म्हणाले. ‘‘पण हाय कुणाची?’’

मी सरांना ओळखत होतो, ते आता अर्धा तास बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्याआधी रांगेतून आवाज आला.

‘‘माझी.’’

तिनं पदर मागं सारला नव्हता. सासऱ्यासमोर ‘हाय’ सोडून दुसरा शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. दीर तिच्याकडं बघतच राहिला. ती परत म्हणाली, जरा मोठ्यानं, ‘‘माझी हाय. माझ्या बापानं दिली. मी वाढवली. माझी हाय.’’

‘‘आबा, बोला की तुमी,’’ दीर म्हाताऱ्याला म्हणाला. ‘‘वाचा गेली का?’’

म्हातारा काठी टेकून उठला. उठायला त्याला वेळ लागला आणि कुणी घाई केली नाही. तो व्यापाऱ्यापुढं जाऊन उभा राहिला आणि हात पुढं केला. व्यापाऱ्यानं एकदा दिराकडं बघितलं, एकदा चेअरमनकडं, आणि दावं म्हाताऱ्याच्या हातात दिलं. म्हातारा चंद्रीला घेऊन रांगेपाशी आला. सुनेच्या तोंडाकडं बघायची रीत नाही, म्हणून त्यानं बघितलं नाही. दावं फक्त तिच्या हातात ठेवलं आणि परत घोंगडीवर जाऊन बसला.

दीर काहीतरी बडबडत रस्त्याकडं गेला, व्यापारी त्याच्या मागं. चेअरमननी वही मिटली. घसा खाकरून म्हणाले, ‘‘सर, हजेरी चालू द्या.’’

सरांनी कागद वर धरला. पुढचं नाव कपिली होतं, मला शेजारून दिसत होतं. सरांना ते वाचता येईना. त्यांचे डोळे भरले होते आणि छत्री काखेतून सटकून पायाशी पडली होती. माझे डोळे कोरडे होते असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात पुकारलं, ‘‘कपिली.’’

रांगेतली पुढची बाई एक पाऊल पुढं आली.

‘‘हाय,’’ ती म्हणाली. मग समोर बसलेल्या आपल्या सासऱ्याकडं तिनं एकवार बघून घेतलं आणि म्हणाली, ‘‘माझी.’’